ह्यूलेट-पॅकार्ड : स्वतःच्याच संचालकांवर पाळत

औद्योगिक हेरगिरी म्हटली की प्रतिस्पर्ध्याचे गुपित चोरणारा परका माणूस डोळ्यांसमोर येतो. परंतु २००६ साली उघडकीस आलेल्या प्रकरणात ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकी संगणक कंपनीने पाळत ठेवली होती ती स्वतःच्याच संचालकांवर.

संचालक मंडळातील चर्चा बातम्यांतून झळकू लागल्याने अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांनी बातमी फोडणाऱ्याचा शोध सुरू करविला आणि ते काम अखेरीस बाहेरच्या गुप्तहेरांकडे गेले.

या गुप्तहेरांनी बतावणीचा मार्ग धरला, म्हणजे दूरध्वनी कंपनीला आपणच ते ग्राहक असल्याचे भासवून संचालकांच्या आणि पत्रकारांच्या खासगी कॉलनोंदी मिळविल्या. संभाषण ऐकण्याची गरजच नव्हती, कारण कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला एवढ्यावरूनही संबंधांचा माग लागतो. एका पत्रकार महिलेला तर बनावट नावाने ईमेल पाठवून, ती ईमेल पुढे कोणाकडे जाते हे कळविणारी छुपी खूण त्या ईमेलमध्येच पेरण्यात आली.

मे २००६ मध्ये बातमी फोडणारे म्हणून संचालक जॉर्ज कीवर्थ यांचे नाव मंडळासमोर आले, तेव्हा दुसरे संचालक टॉम पर्किन्स यांनी या पद्धतीच्या निषेधार्थ तत्काळ राजीनामा दिला आणि त्यांच्याच पाठपुराव्यामुळे प्रकरण चव्हाट्यावर आले. डन यांना पद सोडावे लागले. या प्रकरणी त्यांच्यावर ठेवलेले आरोप २००७ मध्ये रद्द झाले. कंपनीने कॅलिफोर्निया राज्याशी १.४५ कोटी डॉलरची तडजोड केली, जी तिच्या आकारमानाच्या मानाने किरकोळच म्हणावी लागेल. बतावणीने कॉलनोंदी मिळविणे हा मात्र जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेत संघीय गुन्हा ठरला.