पाणी सोडणे

जळोची हे एके काळी स्वतंत्र खेडे होते. आता ते बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत सामावले असले, तरी तेथील पहाट अद्याप खेड्याचीच आहे, आणि त्या पहाटे घरून निघून नीरा डाव्या कालव्याच्या काठापर्यंत पायी जाण्याचा जो माझा बहुत वर्षांचा परिपाठ, त्यात व्यायामापेक्षा निरर्थक विचारांचाच भाग अधिक असतो. परवा असाच चाललो असता (हा ‘परवा’ मागचा की पुढचा, हे क्रियापदावाचून वाचकास कळले नसते) खांद्यावर फावडे टाकलेल्या एका शेतकऱ्याने दुसऱ्यास विचारले, “पाणी सोडलं का?” “सोडलंय की रात्रीच,” असे उत्तर आले आणि दोघेही दारे धरायला लगबगीने निघून गेले. आदल्याच सायंकाळी एका परिचिताने वडिलार्जित जमिनीतील आपल्या हिश्शावर पाणी सोडल्याचे मजपाशी सांगितले होते. एका सोडण्याने ऊस जगतो, दुसऱ्याने सातबाऱ्यावरचे नाव जाते. दान देताना हातावरून उदक सोडून वस्तूवरील स्वत्व निवृत्त करण्याचा जो विधी, त्यातून हा दुसरा अर्थ आला.

इंग्रजीत अशा परस्परविरुद्ध अर्थांच्या शब्दांची मोठी रास आहे. शब्दकौतुकी मंडळी त्यांस ‘काँट्रोनिम’ म्हणतात, आणि दोन दिशांना दोन मुखे असलेल्या रोमन देवतेवरून ‘जेनस शब्द’ असेही म्हणतात. आमच्या भागात त्यांपैकी सर्वांत मानाचा शब्द ‘सँक्शन’. पीककर्जाची दरखास्त सँक्शन झाली की घरात आनंद होतो; तोच शब्द परदेशच्या बातमीत एखाद्या राष्ट्राच्या नावापुढे आला की निर्बंध ठरतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पवित्र मानून विधिपूर्वक ठरवणे असा असल्यामुळे, कायद्यास मान्यता देणे आणि तो मोडणाऱ्यास दंड सांगणे, ही एकाच हुकमाची दोन टोके त्यात एकत्र नांदत होती. पुढे ती अलग झाली. आपल्या दफ्तरात ‘मंजुरी’ आणि ‘निर्बंध’ असे दोन निःसंदिग्ध शब्द हजर असता, ही दुतोंडी पाहुणी आपण ओसरीवर का बसवून घेतली, हे मला उमगलेले नाही.

‘डस्ट’ची हकीकत याहून सरळ आहे. इंदापूर तालुक्यातील द्राक्षबागाईतदार “आज डस्टिंग केलं” म्हणतो, तेव्हा भुरी रोगावर गंधकाची भुकटी वेलींवर उडवलेली असते. तेच वाक्य त्याच्या घरातले कोणी उच्चारते, तेव्हा कपाटावरची धूळ नाहीशी झालेली असते. धूळ या नामाचेच क्रियापद केले, पण ती घालायची की काढायची, हे नाम सांगत नाही. ते काम बाग किंवा कपाट करते. कृषिखात्याच्या ‘धुरळणी’त मात्र असा घोटाळा नाही. ‘क्लीव्ह’ म्हणजे चिरणे आणि बिलगणेही. परंतु तेथे वस्तुतः जुन्या इंग्रजीतील दोन भिन्न क्रियापदे उच्चारसाम्याने एकरूप झाली, जशी दोन तालुक्यांत एकाच नावाची दोन गावे असावीत.

या विषयात मोठमोठी माणसे अडकली. जर्मन भाषाभ्यासक कार्ल आबेल यांनी १८८४ साली असे प्रतिपादले की, आदिम भाषांत एकाच शब्दात विरोधी अर्थ वसत. फ्रॉइडने १९१० मध्ये हे मत उचलून स्वप्नांशी जोडले, कारण स्वप्नासही ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि १९५६ साली भाषाशास्त्रज्ञ बेन्व्हेनिस्त यांनी आबेलचे सारे पुरावेच निकालात काढले. वस्तुतः आदिम काळात जाण्याचे प्रयोजन नव्हते. आपली सून सकाळी अंगणात रांगोळी काढते आणि साडीवरचा डाग काढते. एक काढल्याने दिसू लागते, दुसरे दिसेनासे होते. आपण दिवा लावतो, म्हणजे उजेड आणतो, आणि दार लावतो, म्हणजे तो बाहेर ठेवतो. ज्या बारामतीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आयुष्याचा मोठा काळ घालवून यमकांची करामत केली, तेथे अंगणातल्या या श्लेषाचे कोणास अप्रूप नसावे, हे मात्र मौजेचे.

मराठीची खरी खासियत याच्याही पलीकडे आहे. दिवा विझला, बांगडी फुटली, असे बोलणे अभद्र वाटून आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया दिवा ‘वाढला’, बांगडी ‘वाढली’ असे म्हणत. नारळ तर आपण आजही वाढवतो. इंग्रजीतील विरोध बहुतांशी अपघाताने उत्पन्न झालेला दिसतो. येथे तो जाणूनबुजून, नुकसानीच्या तोंडावर समृद्धीचा शब्द ठेवून केलेला आहे. यात भय आहे, तशी घरंदाज मर्यादाही आहे, आणि मला ती ‘सँक्शन’पेक्षा शतपट प्रिय आहे.

परतताना त्या दोघांपैकी एक पुन्हा भेटला. पायांना चिखल होता, पाणी सरीत पोचले होते. ऊस कसा आहे, वगैरे दोन शब्द झाले, आणि मग “येतो हं,” म्हणून तो पाठमोरा चालू लागला.