लिनक्स वितरणे व डेस्कटॉप पर्यावरणे

लिनक्स हे नाव काटेकोर अर्थाने संपूर्ण परिचालन प्रणालीचे नसून तिच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे आहे. प्रक्रियक, स्मृती, चकती व संगणकाला जोडलेली इतर उपकरणे यांवर नियंत्रण ठेवणे हे कर्नलचे काम होय. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला व १९९२ मध्ये जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली आणला. नुसता कर्नल सामान्य माणसाच्या उपयोगाचा नसतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातील साधने, पडद्यावरील दृश्य व्यवस्था, कार्यालयीन आज्ञावली, संगणकात प्रणाली बसविण्याची सोय इत्यादींची त्याला जोड देऊन जो सिद्ध संच तयार करतात, त्याला वितरण म्हणतात. असा संच जुळवून वाटण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असल्यामुळे वितरणे शेकड्यांनी निघाली. मात्र त्यांतील बहुतेकांचे मूळ मोजक्या घराण्यांत सापडते.

विंडोज सोडून लिनक्सकडे वळण्याचा प्रश्न अलीकडे अनेकांपुढे नाइलाजाने उभा राहिला. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व ठराविक पिढीनंतरचा प्रक्रियक लागतो. त्यामुळे साधारणपणे २०१७ पूर्वीचे संगणक सुस्थितीत असूनही वगळले जातात. अशा संगणकाचा धनी ‘कोणते लिनक्स चांगले?’ असा एकच प्रश्न विचारतो. वास्तविक त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. वितरण निवडताना संगणकाची देखभाल कोण, कशी व किती काळ करणार हे पाहावयाचे असते. डेस्कटॉप निवडताना वापरणाऱ्याच्या हाताची सवय व यंत्राची कुवत पाहावयाची असते. या दोहोंची गल्लत झाल्यानेच बरेच नवागत पडद्यावरील रंगरूपावर भुलून वितरण निवडतात व सहा महिन्यांत ते बदलतात.

वितरणाची निवड : विंडोजवर प्रत्येक आज्ञावली बहुधा तिच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतात. लिनक्समध्ये ती वितरणाच्या भांडारातून येते व सर्व आज्ञावलींच्या दुरुस्त्या त्याच मार्गाने एकत्रित मिळतात. म्हणून भांडार सांभाळणारी संस्था हाच वितरणाचा खरा कणा होय. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले डेबियन स्वयंसेवकांच्या बळावर चालते. त्याची स्थिर आवृत्ती सु. दोन वर्षांनी निघते व तीत नावीन्यापेक्षा भरवशाला महत्त्व असते. डेबियनवर आधारलेले उबुंटू कॅनॉनिकल या कंपनीने २००४ मध्ये आणले. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये निघणाऱ्या त्याच्या दीर्घ-देखभाल आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. लिनक्स मिंट (२००६) या आवृत्त्यांवरच उभे आहे. याउलट रेड हॅटच्या आश्रयाने २००३ मध्ये सुरू झालेल्या फेडोराची नवी आवृत्ती सु. सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्ती सु. तेरा महिनेच सांभाळली जाते. आर्च (२००२) या वितरणाला आवृत्त्याच नाहीत. त्यातील घटक अखंड बदलत राहतात आणि मोठ्या बदलापूर्वी सूचना वाचणे वापरणाऱ्यावर सोपविलेले असते. त्यात रस असणारांचा एक जाणता वर्ग आहे. पत्रव्यवहार, हिशेब व वाचन यांसाठी संगणक वापरणारास मात्र मिंट, उबुंटूची दीर्घ-देखभाल आवृत्ती किंवा डेबियन यांपलीकडे जाण्याचे कारण सहसा पडत नाही. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ हे वितरण तयार केले आहे.

डेस्कटॉप पर्यावरण : खिडक्या, पट्ट्या, यादी व फायली हाताळण्याची सोय मिळून जे दृश्य रूप बनते, त्यास डेस्कटॉप पर्यावरण म्हणतात. विंडोजमध्ये ते प्रणालीचे अविभाज्य अंग भासते. लिनक्समध्ये ते सुटे असते. एकाच संगणकात दोन पर्यावरणे बसवून प्रवेशाच्या वेळी हवे ते निवडता येते. म्हणजे डेस्कटॉप आवडला नाही म्हणून वितरण टाकून देण्याची गरज नसते.

माथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीईचा आरंभ केला. त्याच्या मुळाशी असलेल्या क्यूट या साधनसंचाचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता. या आक्षेपातून मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनी १९९७ मध्ये ग्नोम हा प्रकल्प काढला. २०११ मध्ये ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने खालची पट्टी व परिचित यादी काढून टाकली. तीवर मोठा असंतोष उसळला आणि जुने रूप टिकविणारे माटे व मिंटचे सिनॅमन ही दोन पर्यावरणे त्यातून जन्मली. विंडोजची सवय असलेल्यास सिनॅमन किंवा केडीईचे प्लाझ्मा लवकर अंगवळणी पडते. ग्नोम सुबक आहे, पण त्याची रीत नव्याने शिकावी लागते. कमी कुवतीच्या यंत्रांस एक्सएफसीई व एलएक्सक्यूट ही हलकी पर्यावरणे मानवतात. येथे एक भ्रम दूर केला पाहिजे : हलक्या पर्यावरणाने वाचलेली स्मृती न्याहाळकाच्या चार-पाच पानांत खर्च होते. ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकात फिरत्या चकतीऐवजी एसएसडी बसविल्याने जो फरक पडतो, तो डेस्कटॉप बदलून पडत नाही.

मराठी मजकूर : मराठीत काम करणारास डेस्कटॉपपेक्षा जुन्या फायलींचा विचार आधी करावा लागतो. युनिकोडपूर्व काळात बनविलेल्या फाँटांत देवनागरी अक्षरे रोमन संकेतांकांवर बसविलेली होती. असा मजकूर तो विशिष्ट फाँट असेपर्यंतच वाचता येतो. फाँट गेला की निरर्थक रोमन अक्षरे उरतात. फाँटाची फाइल लिनक्समध्ये बसविता येते, पण त्या आज्ञावलींचे विंडोजसाठी लिहिलेले कळफलक-चालक तेथे चालत नाहीत. म्हणून विंडोज चालू असतानाच असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत. पोटा-पोटात ‘ऱ्य’ सारखी अक्षरे या रूपांतरात विशेष बिघडतात. युनिकोड टंकलेखनासाठी मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमुख वितरणांत तयार असतो. रोमन उच्चारानुसार लिहिणारांना आयबस ही व्यवस्था उपयोगी पडते.

स्थलांतर : लिबरऑफिस बहुतेक कार्यालयीन फायली उघडते, परंतु गुंतागुंतीची मांडणी व मॅक्रो यांत फरक पडतो. अडोबीच्या चित्रसंपादनाच्या आज्ञावलींची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. ज्यांचा चरितार्थ अशा आज्ञावलींवर आहे, त्यांनी विंडोज पूर्णपणे पुसू नये. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवता येतात. तत्पूर्वी फायलींची प्रत वेगळ्या चकतीवर घ्यावी, विंडोजचा ‘जलद प्रारंभ’ बंद करावा आणि बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. ती हरवल्यास स्वतःच्याच फायली कायमच्या कुलूपबंद होऊ शकतात. बहुतेक वितरणे पेन ड्राइव्हवरून, चकतीत काहीही न बदलता चालवून पाहता येतात. तेवढ्या वेळात वाय-फाय, आवाज व मुद्रक जोडून पाहावेत आणि झाकण मिटल्यावर निद्रिस्त झालेला संगणक पुन्हा नीट जागा होतो की नाही हेही पाहावे.