हृदयाची झडप आणि दुसऱ्यांदा येणारी शस्त्रक्रिया

लोहाराच्या भात्यास आंतून चामड्याचा एक लहानसा पडदा लावलेला असतो. भाता उघडला कीं तो पडदा उचलला जाऊन हवा आंत येते; भाता दाबला कीं तोच पडदा भोंकावर घट्ट बसतो, आणि हवा मागें न परततां नळीवाटे भट्टीकडे जाते. ज्या विद्यार्थ्यांनीं भाता पाहिला नसेल त्यांनीं सायकलीची व्हॉल्व्ह-ट्यूब आठवावी. पुण्यांत ती न पाहिलेला मुलगा विरळाच. आपल्या हृदयांत अशाच चार झडपा आहेत. मिनिटास ७० ठोके धरले तर दिवसाकांठीं ते एक लाखाहून अधिक होतात, आणि प्रत्येक ठोक्यास प्रत्येक झडपेला एकदां उघडावें व एकदां मिटावें लागतें. झडप नीट उघडली नाहीं तर रक्त अडतें. नीट मिटली नाहीं तर पुढें गेलेलें रक्त मागें गळतें. जिना चढतांना दम लागणें, पायांवर सूज येणें, हीं त्याचीं चिन्हें होत.

आपल्या देशांत या दुखण्याचें मूळ पुष्कळदां शाळेच्या वयांतच असतें, म्हणून हा विषय आम्ही येथें घेतला आहे. स्ट्रेप्टोकॉकस नांवाच्या जंतूनें घसा सुजतो. योग्य औषध मिळालें नाहीं तर दोन-तीन आठवड्यांनीं कांहीं मुलांस ताप येऊन सांधे दुखूं लागतात. हा संधिवाताचा ज्वर विशेषेंकरून ५ ते १५ वर्षांच्या वयांत आढळतो. जंतूंशीं लढण्याकरितां शरीरानें सिद्ध केलेली शक्ति अशा वेळीं स्वतःच्याच झडपांवर उलटते. ताप जातो, सांधे मोकळे होतात, घरांत सर्व कांहीं पूर्ववत् चालूं होतें. झडपा मात्र पुढें जाड होऊन एकमेकींस चिकटतात. असा ज्वर येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन कित्येक वर्षें द्यावें लागतें. मूल हंसतें-खेळतें दिसलें कीं आईबाप तें बंद करितात, आणि येथेंच घात होतो.

चिकटलेली झडप मोकळी करण्याचा एक आरंभींचा यशस्वी प्रयत्न १९२५ सालीं लंडन येथें हेन्री सूटर यांनीं केला. त्यांनीं धडधडत्या हृदयांत बोट घालून एका मुलीची झडप रुंद केली! आमच्या देशांत वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानें या जातीच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येनें केल्या. डॉ. आयडा स्कडर या मिशनरी बाईंनीं १९०० सालीं लावलेल्या रोपट्याचाच तो वृक्ष. तेथील ३,७२४ रुग्णांचा वृत्तांत १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, म्हणजे १९८२ सालीं, जपानांतील डॉ. कांजी इनोउए यांनीं मांडीच्या शिरेंतून फुगा नेऊन झडप उघडण्याची युक्ति काढली. छाती न फाडतां झडपेवर उपाय करण्याचा मार्ग येथून खुला झाला. परंतु उघडलेली झडप कांहीं वर्षांनीं पुनः चिकटूं शकते, आणि फार बिघडलेली झडप बदलण्यावांचून गत्यंतर नसतें.

पुण्यांत डॉ. के. बी. ग्रँट यांनीं १९५९ सालीं रुबी हॉल क्लिनिक काढलें, तेव्हां हृदयांतील द्विदल झडप काढून तिच्या जागीं बसवावी अशी भरंवशाची कृत्रिम झडप जगांत कोठेंही नव्हती. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत आल्बर्ट स्टार हे शस्त्रवैद्य व लॉवेल एडवर्ड्स हे एंजिनियर यांनीं पिंजऱ्यांत गोळी असलेली झडप यशस्वी करून दाखविली. आपल्याकडे त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेंत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या मंडळीनें अनेक वर्षें खपून तिरपी होणाऱ्या चकतीची झडप तयार केली. ती ६ डिसेंबर १९९० रोजीं प्रथम रुग्णास बसविण्यांत आली. परदेशी झडपेहून ती पुष्कळ स्वस्त पडल्यामुळें हजारों गरीब कुटुंबांस तिचा आधार झाला.

आतां कठीण प्रश्न येतो. कृत्रिम झडपा दोन जातींच्या. एक धातूची किंवा तत्सम टणक पदार्थाची. ती बहुधा जन्मभर टिकते, पण तिच्यावर रक्त गोठूं नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आमरण घ्यावी लागते व रक्ताची तपासणी वारंवार करावी लागते. दुसरी डुकराची झडप किंवा गाईचें हृदयावरण यांपासून केलेली. तिला ती गोळी जन्मभर लागत नाहीं, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि तरुणांत त्याहूनही लवकर. मुलींच्या बाबतींत निवड अधिकच अवघड, कारण ती गोळी पुढें गर्भास अपाय करूं शकते. तेव्हां विसाव्या वर्षीं प्राणिज झडप बसविणें म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया आधींच मान्य करणें होय.

ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून जोखमीची कां? पहिल्या वेळीं छातीचें मधलें हाड चिरून पुनः तारांनीं सांधलेलें असतें. जखम भरतांना आंत व्रणाचे धागे तयार होतात आणि हृदय हाडाच्या मागच्या बाजूस चिकटून बसतें. पुनः करवत चालवितांना हृदयास वा मोठ्या रक्तवाहिनीस इजा होण्याचें भय असतें. म्हणून शस्त्रवैद्य आधीं सी.टी. स्कॅननें आंतील अंतर मोजतात, आणि भय अधिक दिसल्यास मांडीच्या वाहिन्यांतून हृदय-फुफ्फुस यंत्र जोडूनच हाडास हात घालतात. कांहीं ठिकाणीं उजव्या बरगड्यांमधून लहान छेद घेऊन ही चिकटलेली जागाच टाळतां येते.

याहून कमी चिरफाडीचा मार्ग फ्रान्सांतील रूआं शहरीं १६ एप्रिल २००२ रोजीं डॉ. आलॅं क्रिबिए यांनीं दाखविला. घडी घातलेली झडप नळीवाटे हृदयापर्यंत नेऊन त्यांनीं ती जुन्या, आजारी झडपेच्या जागीं फुलविली. पुढें झिजलेल्या प्राणिज झडपेच्या आंतच नवी झडप बसवूं लागले. जणूं जुन्या चौकटींत नवें दार. अशा झडपा आतां गुजराथेंत वापी येथेंही तयार होतात आणि पुण्यांतील मोठ्या इस्पितळांत बसविल्या जातात. रुग्ण बहुधा थोड्याच दिवसांत घरीं जातो. मात्र चौकटींत चौकट बसविल्यानें वाट अरुंद होते. जुनी झडप मुळांतच लहान मापाची असेल तर हें फार बाधतें. कांहीं रुग्णांत हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमनीचें तोंड झांकलें जाण्याचें भय असतें. धातूच्या झडपेच्या आंत हा प्रयोग होत नाहीं. आणि झडपेवर जंतूंनीं घर केलें असेल तर उघडी शस्त्रक्रिया करून ती घाण काढणेंच बहुधा भाग पडतें.

सुप्रसिद्ध सिनेनट आर्नोल्ड श्वार्झनेगर यांचें उदाहरण येथें बोधक आहे. त्यांच्या झडपेंत जन्मतःच दोष होता. १९९७ सालीं बसविलेली एक झडप झिजल्यावर २०१८ च्या मार्च महिन्यांत ती नळीवाटे बदलण्याचें ठरलें. पण मध्येंच अडचण येऊन छाती उघडावी लागली. शस्त्रवैद्यांची मंडळी शेजारीं सज्ज होती म्हणून तें निभावलें. २०२० सालीं त्यांना दुसरी एक झडपही बदलावी लागली. नळीचा मार्ग सोपा असें ऐकून जे निर्धास्त होतात त्यांना आम्ही विचारतों, तुमच्या इस्पितळांत अशी मंडळी त्या वेळीं हजर असेल काय?

आमच्या मतें दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार पहिलीच्या आधींच व्हावा. बसविली जाणारी झडप कोणत्या जातीची व कोणत्या मापाची, आणि ती झिजल्यावर तिच्यांत नळीनें दुसरी बसेल कीं नाहीं, हे प्रश्न विचारण्यास पालकांनीं संकोच करूं नये. खर्चाचेंही तेव्हांच बोलून घ्यावें. झडप बदलण्याची उघडी शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेंत मोडते. नळीच्या झडपेस मात्र कित्येक लाख रुपये पडतात.

घरीं परतल्यावर झडपेचें नांव, जात व माप लिहिलेलें कार्ड जपून ठेवावें, व त्याची एक नक्कल रुग्णानें जवळ बाळगावी. दांत काढावयास जातांना तें दंतवैद्यास अगोदर दाखवावें, म्हणजे हिरडींतून जंतु रक्तांत जाऊन नव्या झडपेवर बसूं नयेत यासाठीं तो आधीं औषध देईल.