फळीखालचे पर



गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रवारा चढू लागला, की आकाशात मोठमोठे रंगीत पतंग दिसू लागतात. त्यांच्या दोऱ्यांना जखडलेला खेळाडू आखूड फळीवर उभा राहून पाणी कापीत जातो. हा काइटबोर्डिंगचा खेळ. पाहणाऱ्याची नजर पतंगावर खिळते. परंतु खेळाडू निघाल्या जागी परतेल की वाऱ्यासवे वाहवत जाईल, हे फळीच्या तळाशी असलेल्या लहानशा पात्यांवर आणि त्याच्या तोलावर पुष्कळसे अवलंबून असते. या पात्यांना फिन, म्हणजे माशाला असतात तसे ‘पर’ म्हणतात.

लाटांवर स्वार होण्याच्या फळीला टॉम ब्लेक यांनी १९३५ साली असा पर प्रथम जोडला. पुढे १९८१ मध्ये सायमन अँडरसन यांनी तीन परांच्या फळीवर मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि ती रचना रूढ झाली.

पतंगाची ओढ तिरकी असते. तिचा एक अंश फळीला पुढे नेतो, दुसरा तिला आडवे रेटतो. हा आडवा रेटा पाण्यात रुतलेली फळीची कड आणि पर मिळून थोपवितात; शिडाच्या होडीत तळाचा कणा करतो तेच हे काम. पराचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा झाला, की आधार चतुर्थांश उरतो. म्हणून संथ जाणारा नवशिका परांना दोष देतो, तेव्हा बहुधा उणीव असते ती वेगाची.

दोन्ही टोकांनी सारख्या असलेल्या फळीला बहुधा चार कोपऱ्यांत चार लहान पर असतात. दिशा पालटली, की पुढचे पर मागचे होतात. म्हणून दोन्हीकडील जोड्या सारख्या असाव्यात. मोठ्या परांनी पकड वाढते, पण वळणे जड होते. लहान परांनी फळी मोकळी होते, पण लवकर घसरते. तीन परांच्या फळीत मधला पर मागे सरकविल्यास ती सरळ धावते, पुढे आणल्यास चटकन वळते.

तथापि पर बदलण्यापूर्वी पावले पाहावीत. भार फार पुढे गेला, तर मागचे पर पाण्यातून सुटू लागतात व शेपूट घसरते. फार मागे गेला, तर टोक उचलते व वेग मरतो. पट्ट्यांची जागा आधी, पर नंतर, आणि एका वेळी एकच बदल, तोही शक्यतो सारख्याच वाऱ्यात. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा हे कळत नाही.

एक मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल, तर खेळाडूच्या हातून झालेली एक चूकही त्याला खोल पाण्यात नेते. त्या दिवशी उत्तम परांची फळीही किनाऱ्यावरच ठेवावी. तोल सांभाळण्याचा आरंभ पाण्यात उतरण्यापूर्वीच होतो.