उन्हाळा, गवत कापायचे यंत्र आणि इंजिनातले तेल

शाळा-महाविद्यालयांच्या आणि क्रिकेटच्या मैदानांवर गवत कापायचे पेट्रोलचे यंत्र आता बऱ्याच ठिकाणी दिसते. त्याला सर्वांत जास्त काम पावसाळ्यात असते हे खरे. पण जिथे हिरवळीला रोज पाणी दिले जाते, तिथे मे महिन्यातही गवत वाढतच असते, आणि अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत त्या दिवसांत सावलीतले तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा वेळी इंजिनात तेल कोणते घालायचे? दुकानदार मोटारसायकलच्या तेलाचा डबा पुढे करतो. मिस्त्री म्हणतो, उन्हाळा आहे, जाड तेल घाला. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका तिसरेच काही सांगते. तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. ते किती, हे तपासायला आठवी-नववीचे भौतिकशास्त्र बरेच पुरते.

आधी तेल काय काम करते ते पाहू. ‘तेलामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतात’ असे उत्तर मुले देतात, आणि पुष्कळदा आपणही देतो. ते अपुरे आहे. इंग्लंडमध्ये १८८३ साली ब्यूचॅम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांसाठी लागणाऱ्या धारव्यांवर, म्हणजे बेअरिंगांवर, प्रयोग करीत होता. आस खालून तेलात बुडालेला आणि वरून धारव्याने दाबलेला, अशी त्याची मांडणी होती. धारव्याला वरच्या बाजूने त्याने एक भोक पाडले, तर आस फिरू लागताच त्या भोकातून तेल वर येऊ लागले. त्याने भोकात लाकडी खुंटी ठोकली. ती हळूहळू बाहेर ढकलली गेली! फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढत फटीत नेत होता आणि तिथे इतका दाब निर्माण होत होता की आस आणि धारवा हे दोन धातू एकमेकांना टेकतच नव्हते. सगळा भार तेलाच्या पातळ थरावर तोलला गेला होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. त्यातून निघते ते असे, की हा थर टिकण्यासाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या: फिरण्याचा वेग, भार आणि तेलाची विष्यंदिता. गवत कापायच्या यंत्राचा वेग आणि भार आपण फारसा बदलू शकत नाही. आपल्या हातात उरते ती विष्यंदिता.

विष्यंदिता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध. काकवीची जास्त, रॉकेलची कमी. ती तापमानाप्रमाणे बदलते हे हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उलटी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे (खोबरेल तेल तर गोठतेच, ती गोष्ट वेगळी). पण किती बदलते याची कल्पना बहुधा नसते. बाजारात मिळणारे एसएई ३० क्रमांकाचे नेहमीचे खनिज तेल घेऊ. विष्यंदितेचे एक एकक सेंटिस्टोक; २० अंशांना पाण्याची विष्यंदिता जवळजवळ १ सेंटिस्टोक असते. त्याच तापमानाला या तेलाची सुमारे ३००, ४० अंशांना ९५, १०० अंशांना ११ आणि १३० अंशांना अवघी ६ च्या आत. म्हणजे डब्यातून ओतताना जे तेल संथ धारेने पडते, ते चालू इंजिनात जवळपास पाण्याच्या जातीचे झालेले असते.

आता हे इंजिन पाहू. मोटारीच्या इंजिनाभोवती पाणी खेळते, त्यात तेलाचा पंप असतो, गाळणी असते. गवत कापायच्या साध्या यंत्रात यांतले बहुधा काहीच नसते. इंजिन हवेने थंड होते. तेल असते जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. पंपाऐवजी कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक लहानशी पळी असते किंवा दातेरी चाकाला पाती असतात, आणि त्या तेल उडवून सगळीकडे शिंपडतात. पुष्कळ लहान इंजिनांत हा रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि तो मधे वेगळे बेअरिंग न घालता थेट क्रँकवर फिरतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास चालणाऱ्या त्या सांध्यात तेलाचा थर तुटला, की ॲल्युमिनियम पोलादाला चिकटते, रॉड मोडतो आणि कधी कधी तो इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. दुरुस्तीचा खर्च नव्या इंजिनाच्या जवळ जातो. तेव्हा प्रश्न काही हौसेचा नाही.

डब्यावरच्या क्रमांकाकडे वळू. ‘एसएई’ ही अमेरिकेतली अभियंत्यांची संस्था. तिने १९११ मध्ये तेलांची वर्गवारी सुरू केली. ३०, ४०, ५० हे आकडे म्हणजे विष्यंदिता नव्हे, ती फक्त वर्गांची नावे आहेत, आपल्या इयत्तांसारखी. १०० अंशांना ज्या तेलाची विष्यंदिता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असते ते ३०, १२.५ ते १६.३ असेल तर ४०, त्यावर २१.९ पर्यंत ५०. पुढे कडक थंडीच्या देशांसाठी ‘डब्ल्यू’चे वर्ग आले. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. १०डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा होते ती उणे २५ अंशांना. महाबळेश्वरात किंवा निफाडला कितीही गारठा पडला तरी तो आकडा आपल्या कामाचा नाही. मग १०डब्ल्यू-३० असे दोन आकडे असलेले तेल गरम इंजिनात ३० सारखेच वागते, तर त्याच्यात आणि नुसत्या ३० मध्ये फरक काय राहिला?

फरक राहतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तोच महत्त्वाचा ठरतो. थंडीतही वाहावे म्हणून अशा खनिज तेलाचे मूळ तेल पातळ घेतात. ते गरम झाल्यावर फारच पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक रेणूंची बहुवारिके मिसळतात. थंडीत हे रेणू गुंडाळी करून बसतात. तेल तापले की उलगडतात आणि वाहण्याला अडथळा करतात. कल्पना सुंदर आहे. पण दातेरी चाकांत आणि फटींत सापडून हे लांब रेणू हळूहळू तुटतात, आणि तुटलेला रेणू पुन्हा जोडला जात नाही. शिवाय पातळ मूळ तेलाची वाफ लवकर होते. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकी कंपनीच्या पुस्तिकेत म्हणूनच एक इशारा असतो: २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० वापरल्यास तेल जास्त खपू शकते. २७ अंश! आपल्याकडे मे महिन्यातली पहाटसुद्धा पुष्कळदा याहून गरम असते. मधल्या आकड्यांतले अंतर जितके मोठे तितकी खनिज तेलात बहुवारिके जास्त, असे ढोबळमानाने धरायला हरकत नाही. या हिशेबाने पेट्रोल पंपावर सहज मिळणारे २०डब्ल्यू-४० हे १०डब्ल्यू-४० पेक्षा आपल्या हवेला सोयीचे.

त्याच पुस्तिकेतल्या तक्त्यात एसएई ३० ची पट्टी ४ अंशांपासून ३८ अंशांपर्यंत दाखवलेली असते. ३८ च का? ते १०० अंश फॅरनहाइट आहेत. ३९ व्या अंशाला तेलाचे काही अचानक होत नाही. तक्ता ज्या देशात तयार झाला तिथे याहून जास्त उन्हात गवत कापायची वेळ क्वचितच येते, आणि गोल संख्येवर रेघ थांबवणे सोयीचे असते, असे आम्हाला वाटते. आपल्याला मात्र रेघेच्या पलीकडचा विचार स्वतः करावा लागतो.

तो असा करता येईल. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तेल हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी गरम राहते. हवा जितकी तापेल जवळजवळ तितकेच तेलही अधिक तापते. उदाहरणादाखल हा फरक ८५ अंश धरू. हवा २५ अंशांची असताना तेल ११० अंशांवर राहील आणि एसएई ३० ची विष्यंदिता असेल ८.७ सेंटिस्टोक. हवा ४५ वर गेली की तेल १३० वर जाईल आणि विष्यंदिता ५.८ वर येईल. एक तृतीयांश गेली. आता ३० ऐवजी ४० घातले तर? १३० अंशांना त्याची विष्यंदिता साधारण ७.४ भरते. एसएई ३० ची एवढी विष्यंदिता ११८ अंशांच्या सुमारास असते. म्हणजे तेलाची एक पायरी वर चढल्याने आपल्याला सुमारे १२ अंशांची सूट मिळाली. मिस्त्रीचे म्हणणे खरे ठरले, पण बारा अंशांपुरतेच. आणखी वर, ५० वर, जायचा मोह होतो. पण फार जाड तेल शिंपडले जाताना बारीक सांध्यांपर्यंत उशिरा पोचते आणि ते घुसळण्यातच उष्णता निर्माण होते. पुस्तिकेत ५० ला स्पष्ट परवानगी असल्याशिवाय तिकडे न जाणे बरे.

इथे एक गंमत लक्षात येते. मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतील, तर सकाळी सहा-साडेसहाला २८ ते ३० असतात. फरक पंधरा-सतरा अंशांचा. गवत सकाळी कापले तर तेलाची पायरी बदलून मिळते त्याहून जास्त सूट फुकट मिळते! यंत्र चालवणाऱ्या माणसाचाही त्यात विचार होतो, आणि तेलाच्या चर्चेत तो सहसा होत नाही.

विष्यंदितेइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे तेलाचे ऑक्सिडीकरण. तापलेल्या तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होऊन आम्ले आणि डांबरासारखा चिकटा तयार होतो. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ठोकताळा इथे लावून पाहा. २० अंशांच्या वाढीने वेग चौपट होईल. त्यातून तेल अर्धा-पाऊण लिटरच, आणि गाळणी नाही. म्हणून आमच्या मते कोणते तेल घातले यापेक्षा ते किती दिवस ठेवले हा प्रश्न मोठा आहे. नव्या यंत्राचे पहिले तेल ५ तासांनी आणि त्यानंतर दर ५० तासांनी बदला, असे पुस्तिका सांगतात. जास्त भार किंवा कडक उन्हाळा असेल तर २५ तासांनी. तासांची नोंद कोणी ठेवत नाही. यंत्राच्या दांड्याला वही बांधून ठेवायचे काम आठवीच्या एखाद्या मुलाला द्यावे, तो ते मोठ्यांपेक्षा नीट करतो.

तर मग घ्यायचे काय? पुस्तिका जो क्रमांक सांगते तो पहिला. ३८ अंशांपर्यंत एसएई ३० उत्तम. ते खेड्यात मिळणे कठीण, हे आम्हाला ठाऊक आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, पुस्तिकेच्या तक्त्यात बसत असेल तर एसएई ४० किंवा २०डब्ल्यू-४०. परवडत असेल तर संश्लेषित ५डब्ल्यू-३०, ज्याची पट्टी त्याच अमेरिकी तक्त्यात ४९ अंशांपर्यंत जाते. आकडा लहान असून ते का चालते? त्याचे रेणू एकसारख्या घडणीचे असल्याने ते मुळातच तापमानाप्रमाणे कमी बदलते, त्याला बहुवारिकांची मदत कमी लागते, आणि त्याचे ऑक्सिडीकरणही सावकाश होते.

क्रमांकाखेरीज डब्यावर ‘एपीआय’ची अक्षरे असतात. पेट्रोलच्या इंजिनासाठी पहिले अक्षर एस. पुढचे अक्षर वर्णमालेत जितके पुढे तितके तेल नवे: एसजे, एसएल, एसएम, एसएन, आणि २०२० मध्ये आलेले एसपी. एसजे किंवा त्यापुढचे असले की पुरे. शेतीच्या दुकानात डिझेल पंपासाठी मिळणाऱ्या ४० नंबरच्या तेलावर नुसते ‘सी’चे अक्षर असेल तर ते टाळावे. मोटारसायकलचे ‘४टी’ तेल चालते. त्यातले काही गुण मोटारसायकलच्या तेलात बुडालेल्या क्लचसाठी असतात. आपल्या यंत्रात तो क्लच नाही, त्यामुळे फायदा नाही आणि तोटाही नाही. ‘२टी’ तेल मात्र सर्वस्वी वेगळे. ते पेट्रोलमध्ये मिसळून जाळायचे असते, खांद्याला अडकवायच्या पुष्कळशा गवतकाप्यांत ते लागते. एकाच खोलीत दोन्ही यंत्रे असतील तर डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, कारण दोन-फेरी इंजिनात नुसते पेट्रोल गेले तर ते काही मिनिटांत जाम होते.

आणि हे सगळे करूनही सिलिंडरवरच्या पंख्यांमध्ये, म्हणजे त्या उभ्या-आडव्या पातळ पट्ट्यांमध्ये, गवताचा भुसा अडकलेला असेल तर कुठलेच तेल उपयोगी पडणार नाही. तो भुसा गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. तेलाची पातळी डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मधे हवी. उन्हाळा म्हणून वर भरले तर पळी ते घुसळते, फेस होतो, आणि फेस भार तोलू शकत नाही. २०२५ पासून आपल्याकडे पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, तर लहान इंजिनांच्या पुष्कळ पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने, जुन्या बेताने बसवलेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण विरळ होते आणि इंजिन जास्त तापते. हेही उन्हाळ्याच्या हिशेबात धरावे.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. १० मिलिलिटरची सुई नसलेली प्लॅस्टिकची सिरिंज घ्या, दट्ट्या काढून ती स्टँडला उभी लावा, टोक बोटाने बंद करून तेल भरा आणि बोट काढल्यावर १० च्या खुणेपासून २ च्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. एकदा ३० अंशांना, एकदा ६० अंशांना. तेल कधीही ज्योतीवर तापवू नका. भांड्यात गरम पाणी घेऊन त्यात तेलाची बाटली आणि रिकामी सिरिंज दोन्ही ठेवा. एसएई ३० ला ३० अंशांना लागणारा वेळ ६० अंशांच्या सुमारे चौपट यावा. मग हीच मोजणी २०डब्ल्यू-४० वर करा आणि गुणोत्तर बदलते का पाहा. शेवटी यंत्रातून काढलेले जुने तेल घ्या, हातमोजे घालून, कारण ते त्वचेला चांगले नाही. त्याचा वेळ नव्या तेलापेक्षा बराच कमी आला तर त्यात पेट्रोल झिरपत असण्याचा किंवा बहुवारिके तुटल्याचा संशय घ्यावा. जास्त आला तर ऑक्सिडीकरण पुढे गेले आहे. दोन्ही दोष एकाच वेळी असतील तर ते एकमेकांना झाकतात, म्हणून रंग आणि वासही नोंदवायला सांगा. प्रयोग झाल्यावर ते तेल मोरीत किंवा झाडांच्या आळ्यात न ओतता डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या.