संगणकाची लागण आणि दुकानाची वही

दुकानाची वही आता संगणकात गेली आहे. भिवंडीचा यंत्रमागधारक असो, मालेगावचा सूतव्यापारी असो की एखादा चामड्याच्या वस्तूंचा कारखानदार, उधारी, जीएसटीची बिले आणि कारागिरांची मजुरी एकाच यंत्रात साठलेली असते. त्या यंत्राला ‘व्हायरस’ लागला की आपण दुरुस्तीवाल्याला बोलावतो. तो पैसे घेऊन काहीतरी करून जातो, पण नेमके काय झाले होते ते आपल्याला कळत नाही. व्हायरस हा शब्द जीवशास्त्रातून आला आहे. आमच्या मते तो नीट समजून घेतला तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

शरीराला लागणारा विषाणू ही पुरती पेशीसुद्धा नसते. प्रथिनांचे एक कवच आणि आत एक सांकेतिक संदेश, एवढाच त्याचा पसारा. तो एकटा वाढू शकत नाही. आपल्या पेशीत शिरला की पेशीचीच यंत्रणा त्या संदेशाबरहुकूम विषाणूच्या प्रती काढत बसते. विणकर बांधवांना हे लगेच पटेल. जॅकार्डच्या मागावर पत्ते जसे लावाल तशी नक्षी उतरते. रात्रीतून कोणी पत्ते बदलून गेला, तर सकाळी माग त्याचीच नक्षी विणील. माग धडधाकट असतो, हुकूम मात्र दुसऱ्याचा असतो. पटकीचा जीवाणू याहून वेगळा. तो स्वतःच पूर्ण पेशी आहे आणि पाण्यात स्वबळावर जगतो.

संगणकातही हाच भेद आहे. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून राहतो आणि ती फाइल उघडली की कामाला लागतो. ‘वर्म’ मात्र कोणी काही उघडण्याची वाट न पाहता तारेवरून एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. अमेरिकेत फ्रेड कोहेन या संशोधकाने १९८३ साली असे प्रयोग करून दाखवले आणि व्हायरस हे नाव रूढ झाले. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांच्या संगणकाच्या दुकानातून ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस निघाला आणि फ्लॉपीवरून देशोदेशी पोहोचला. आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल रोखण्यासाठी तो बनवला, असे त्या भावांचे म्हणणे. त्यात त्यांनी दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता!

आता जो प्रसंग सांगणार आहोत त्याची झळ न्हावा शेवापर्यंत आली होती. युक्रेनमध्ये हिशेबाचे एक सॉफ्टवेअर पुष्कळ व्यापारी वापरत. आपल्याकडे टॅली वापरतात तसेच. २७ जून २०१७ रोजी त्याच सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबरोबर ‘नॉटपेट्या’ नावाचा रोग घरोघरी उतरला. एका यंत्रात शिरला की तो पासवर्ड चोरी आणि आतल्या तारेवरून शेजारच्या यंत्रांत जाई. पडद्यावर खंडणीची मागणी दिसे, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कामकाज ठप्प झाले. जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलवरही कंटेनर अडकले. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

मर्स्कच्या जाळ्याचा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता ते जगभर विखुरलेले होते, पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक. का, तर त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता. आमच्याकडे वीज जाण्याचा असा उपयोग झाल्याचे अजून ऐकिवात नाही. पण त्यातली गोष्ट पक्की आहे: जी प्रत तारेला जोडलेली नव्हती, तीच वाचली.

म्हणून हिशेबाची नक्कल वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कलाही लागण होते. दोन डिस्क आलटून पालटून वापरा, एक घरी असू द्या. जुम्याची सुट्टी असेल तर गुरुवारी संध्याकाळी हे काम उरकावे. महिन्यातून एकदा ती नक्कल उघडून पाहा. न उघडणारी नक्कल म्हणजे कुलूप लावलेली रिकामी तिजोरी.

लशीचेही तसेच. लस शरीराला शत्रूचा चेहरा आधीच दाखवून ठेवते. अँटिव्हायरसकडेही ओळखीच्या चेहऱ्यांची यादी असते. यादी जुनी असेल तर नवा चोर सलाम करून आत येतो. नॉटपेट्या ज्या फटींतून पसरला त्यातली एक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, म्हणजे तीन महिने आधी. अनेकांनी ती लावली नव्हती. विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्ये संपली, विंडोज १० ची ऑक्टोबर २०२५ मध्ये. जुने यंत्र चालते म्हणून ठेवायचेच असेल, तर निदान त्यावर इंटरनेट नको.

ग्राहक वायफाय मागतात आणि नाही म्हणणे आपल्या पाहुणचारात बसत नाही. बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करता येते, ते करून घ्या. बिलाचे यंत्र आणि पाहुण्यांचा फोन एका जाळ्यावर नकोत. ग्राहकांची नावे, नंबर आणि उधारी ही आपल्याकडे अमानत आहे.

प्रत्येक बिघाड म्हणजे रोग नव्हे. हकीम विचारतो, ताप एकालाच आहे की घरातल्या सगळ्यांना? इथेही तेच विचारा. एकच यंत्र अडले असेल तर त्याची केबल आणि तिच्या टोकाचा दिवा पाहा. सगळीच अडली असतील तर राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. आतल्या आत प्रिंटर चालतो पण बाहेरचे काही उघडत नाही, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा असतो. एवढे पाहून फोन केला की दुरुस्तीवाला फसवूही शकत नाही.

फाइलींची नावे आपोआप बदलू लागली किंवा पडद्यावर खंडणीची मागणी आली, तर मात्र ती लागण समजावी. ताऊन पसरलेल्या गावात जाऊ नये आणि तिथे असलेल्याने बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला ठाऊक आहे. तेच इथे करावे. त्या यंत्राची केबल ताबडतोब काढा, वायफाय बंद करा, त्याला लावलेला पेन ड्राइव्ह दुसरीकडे लावू नका. नक्कल असलेली डिस्क यंत्र पूर्ण साफ होईपर्यंत त्याला जोडू नका. खंडणी भरू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा आणि त्याच वेळी बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.