गोर्लेबेन : मीठ, पाणी आणि अविश्वास

अणुभट्टीतून निघणारा तीव्र किरणोत्सर्गी कचरा जीवसृष्टीपासून लक्षावधी वर्षे दूर ठेवायचा, तर तो खोल आणि स्थिर खडकात पुरावा, याबद्दल बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे. वाद उरतो तो कोणत्या खडकात आणि कोणाच्या गावाखाली, एवढ्यापुरता. जर्मनीत हा वाद चार दशकांहून अधिक काळ गोर्लेबेन या लहानशा खेड्याभोवती फिरला.

लोअर सॅक्सनी राज्याच्या सरकारने १९७७ मध्ये हे खेडे निवडले, ते तेथील मिठाच्या घुमटामुळे. प्राचीन समुद्र आटून गाडला गेलेला मिठाचा थर वरच्या खडकांपेक्षा हलका असल्याने कोट्यवधी वर्षांत वर सरकतो आणि त्याचा असा घुमट बनतो. मीठ दाबाखाली संथपणे वाहून स्वतःच्या भेगा बुजवते, हा त्याचा मोठा गुण. मात्र पाणी पोहोचले की ते विरघळते. शेतकऱ्यांनी १९७९ मध्ये ट्रॅक्टरांसह हॅनोव्हरवर मोर्चा नेला, तेव्हा त्यांची भीती अडाणीपणाची ठरवणे सोपे होते. परंतु पुढे काही वर्षांतच भूशास्त्रज्ञ क्लाउस डुपहॉर्न यांनी दाखवून दिले की, हिमयुगात कोरल्या गेलेल्या खोल घळीमुळे घुमटावरचे चिकणमातीचे आच्छादन ठिकठिकाणी नाहीसे झाले असून भूजल थेट मिठाला भिडते. तरीही उत्खनन रेटले गेले.

त्याच राज्यातील आस्से येथे जे घडले, त्याने उरलासुरला विश्वासही संपवला. तेथील जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात, संशोधनाच्या नावाखाली, कमी व मध्यम किरणोत्सर्गाच्या कचऱ्याची सुमारे सव्वा लाख पिंपे ठेवण्यात आली. पुढे १९८८ पासून खाणीत रोज हजारो लिटर खारे पाणी झिरपू लागले आणि काही पाणी किरणोत्सर्गी झाल्याचे लोकांना कळायला २००८ साल उजाडावे लागले.

अखेर २०१३ च्या कायद्याने देशभर नव्याने शोध सुरू झाला. त्यात मीठ, चिकणमातीचा खडक आणि ग्रॅनाइटसारखा स्फटिकी खडक हे तिन्ही पर्याय सारख्याच निकषांवर तपासायचे ठरले, आणि २०२० मध्ये, इतर कारणांबरोबरच अपुऱ्या आच्छादनामुळे, गोर्लेबेन यादीतून वगळले गेले. ग्रामस्थ जे सांगत होते ते मान्य व्हायला इतका काळ लागावा, हा दोष भूशास्त्राचा नव्हे, जागा आधी ठरवून पुरावे मागाहून शोधणाऱ्या कारभाराचा आहे. तीव्र किरणोत्सर्गी कचऱ्याची ११३ पात्रे मात्र अजूनही गोर्लेबेनलाच, जमिनीवरच्या तात्पुरत्या साठवणगृहात आहेत.